शब्दगणनेपासून भाषासंचयापर्यंत : इंग्रजी अध्यापनातील प्रमाणाचा प्रश्न

परभाषा शिकविताना कोणते शब्द आधी शिकवावेत, हा प्रश्न जुना आहे. त्याचे उत्तर मोजणीने देण्याचा प्रघात मात्र विसाव्या शतकातला. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२१ साली वारंवारतेवर आधारलेली १०,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. पूर्वी ढाक्यास अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ च्या सुमारे २,००० शब्दांच्या यादीत वारंवारतेच्या जोडीला सुलभता, आवश्यकता इत्यादी निकष मानले. मोजणी निवडीस साह्य करते, निवड करीत नाही, हे तत्त्व त्यात अनुस्यूत होते.

१९६४ साली ब्राउन विद्यापीठात फ्रान्सिस व कुचेरा यांनी १९६१ मधील अमेरिकन छापील मजकुराचा दहा लाख शब्दांचा संचय संगणकासाठी सिद्ध केला. त्याच धर्तीवर ब्रिटिश इंग्रजीचा संचय झाला. आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली १९७८ मधील भारतीय इंग्रजीचा. पुढे बर्मिंगहॅम येथे जॉन सिंक्लेअर यांच्या संचयाधिष्ठित कोशाने (१९८७) शब्दाच्या साहचर्याकडे लक्ष वेधले. तेथीलच टिम जॉन्स यांनी शब्द मध्यभागी ठेवून एकाखाली एक मांडलेल्या उदाहरणांच्या ओळी विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या व नियम त्यांनीच शोधावा, असा आग्रह धरला.

येथेच प्रमाणाचा प्रश्न उद्भवतो. मराठीत आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो. म्हणून विद्यार्थी इंग्रजीत ‘डिस्कस अबाउट’ लिहितो. ब्रिटिश व कोल्हापूर संचयांतील ओळी शेजारी ठेवल्यास प्रयोग कोठे व किती आढळतो, हे तो स्वतः पाहू शकेल. तथापि दोन्ही संचयांत सतरा वर्षांचे अंतर आहे. त्यामुळे दिसणारा प्रत्येक भेद देशाचाच असेल असे नाही, काही भेद काळाचाही असू शकेल. शिवाय दोन्ही संचय छापील भाषेचे आहेत. वर्गातील बोलण्याची साक्ष ते देत नाहीत.

तात्पर्य, संचय हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. त्याची साक्ष तपासण्याची सवय विद्यार्थ्यास लावणे आणि कोणते इंग्रजी प्रमाण मानावयाचे हे कारणांसह सांगणे, ही जबाबदारी अध्यापकाचीच राहते.