जुन्या गाडीचे पुढचे शॉकअप परत बसवताय? आधी हे वाचा

राणीसावरगाव : गोठ्यात, वाड्याच्या पडवीत वर्षानुवर्षं उभी असलेली वडिलांची जुनी गाडी परत चालू करायची हौस आता खेड्यापाड्यांत दिसते. बुलेट, राजदूत, म्हैसूरला १९९६ पर्यंत तयार होणारी येझदी, नाहीतर १९८५ ला आलेली हिरो होंडा सीडी १००. इंजिनावर लोक मनापासून खर्च करतात, रंगही झकास मारतात. पुढचे शॉकअप मात्र "पुसून बसव" म्हणून सोडून देतात. इंजिन बिघडलं तर गाडी रस्त्यात उभी राहते, पण पुढचा चिमटा दगा देतो तेव्हा माणूस पडतो.

जुन्या राजदूतला आधी नळीचे शॉकअप नव्हते, झुलता चिमटा होता. त्याचं काम वेगळं. खालची माहिती नळीच्या, म्हणजे आत पाईप, स्प्रिंग आणि ऑइल असलेल्या शॉकअपची आहे.

खोलायच्या आधी इंजिनाखाली मजबूत लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी करा. बऱ्याच गाड्यांत पाईपच्या वरचं झाकणबोल्ट पाईप टी मध्ये आवळलेला असतानाच ढिलं करावं लागतं. पाईप बाहेर काढल्यावर तो हातात फिरत बसतो आणि मग लोक पाईपला पकड लावून क्रोम खरवडतात. झाकणाखाली स्प्रिंग दाबलेली असते, म्हणून शेवटचे आटे काढताना तोंड बाजूला ठेवा. जुन्या बुलेटमध्ये हेडलाइटचं घर हीच वरची टी आहे, त्यामुळं तिथली पद्धत जरा निराळी पडते. त्या गाडीचं पुस्तक किंवा जाणता मिस्त्री जवळ पाहिजे.

पाईप निघाला की रॉकेलनं धुवा आणि जाड काचेवर लोळवा. मधेच उजेडाची फट दिसली तर पाईप वाकलाय. अशा वेळी कुणीतरी सांगतं, गॅसवर तापवून सरळ करू. करू नका. तापवलेल्या जागी लोखंडाचा कस जातो, क्रोम उडतो आणि बारीक चीर पडली असेल तर ती डोळ्याला दिसत नाही. फोर्कच्या पाईपला वेल्डिंग तर अजिबात नको. पाईप सरळ आहे पण गंजाचे खड्डे पडलेत, तर ते कुठं आहेत ते बघा. सील जिथून वरखाली होतं त्या पट्ट्यात खड्डे असले तर नवीन सीलही थोड्याच दिवसांत फाटतं. तिथं हार्ड क्रोम करून घासून घ्यायचं किंवा पाईपच बदलायचा. आपल्या काळ्या मातीचा चिखल पाईपवर वाळतो आणि सील कापतो, म्हणून ज्या गाडीला रबरी बूट होते तिला ते परत घालाच.

हॅन्डल सरळ धरल्यावर मधोमध खटकन अडकत असेल तर कोन सेट गेला. नुसते छर्रे बदलून भागत नाही, वाट्यांत खळगे पडलेले असतात. पूर्ण सेट घ्या, जुने छर्रे मोजून ठेवा आणि ग्रीसमध्ये चिकटवून तेवढेच बसवा. आवळणं इतकंच, की हॅन्डल सोडल्यावर आपल्या वजनानं दोन्हीकडं पडलं पाहिजे, आणि चिमटा मागंपुढं ओढला तर टकटक लागू नये.

ऑइल सील बसवताना स्प्रिंगची उघडी बाजू खाली, ऑइलकडं. सीलला ऑइल लावा, पाईपच्या धारेवर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून ते सरकवा. स्क्रूड्रायव्हरनं ठोकू नका, त्याच मापाच्या नळीनं चहूबाजूंनी सारखं दाबा. ऑइल किती आणि कोणतं हे त्या गाडीच्या पुस्तकात असतं. काही जुन्या गाड्यांत इंजिनाचं ऑइल चालतं, नंतरच्या गाड्यांना फोर्क ऑइल लागतं. जनावराला औषध पाजायची मोठी सिरिंज मापाला उत्तम. दोन्ही बाजूंना थेंबाथेंबानं सारखं हवं.

आता बसवायचा क्रम. नव्वद टक्के चुका इथंच होतात, असं माझं मत. दोन्ही पाईप टी मध्ये सारख्या उंचीवर घालून बोल्ट नुसते टेकवा. दोन्ही पाईपवर आडवी काचपट्टी ठेवा. ती डुगडुगली तर टी पिळलेली आहे. मग चाक घाला. ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक प्लेटची खाच फोर्कच्या खुंटीत बसलीय की नाही हे हात लावून तपासा. ती बसली नाही तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरते, चाक जाम होतं आणि गाडी उलटते. एक्सलचा नट आवळा, पण दुसऱ्या पायाचा पकडबोल्ट आणि मडगार्डचे बोल्ट ढिलेच ठेवा. गाडी खाली उतरवा, पुढचा ब्रेक धरून शॉकअप दहा-बारा वेळा दाबा. दोन्ही पाय आपापली जागा घेतात. त्यानंतर खालून वर आवळत या : एक्सलचा पकडबोल्ट, खालची टी, वरची टी, शेवटी मडगार्ड. आधीच सगळं गच्च केलं तर शॉकअप अडकत चालतो आणि गाडी एका अंगाला ओढते.

डिस्कवाले दुसऱ्या गाडीचे शॉकअप लावायचा मोह अनेकांना होतो. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणं ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडीच विंटेज म्हणून नोंदवता येते. पण ती रोजच्या वापराला नाही. वापरातली गाडी असेल तर १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं आणि त्यासाठी गाडी आरटीओला दाखवावी लागते.

पहिली चक्कर मोकळ्या रस्त्यावर, हळू. आधी मागचा ब्रेक, मग पुढचा हलकेच. घरी आल्यावर पाईपवर बोट फिरवा. ऑइलचं कडं दिसलं तर सील परत काढा. शे-दीडशे किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट आणि कोन सेट पुन्हा एकदा तपासून घ्या.