आधी चाक, मग हात



आपल्या धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठी, तेर गावी गोरोबाकाकांची समाधी आहे. शके १२३९ (इ. स. १३१७), चैत्र वद्य त्रयोदशीला काकांनी देह ठेवला. त्यांचे चरित्र आपल्याला तोंडपाठ आहे. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना पोटचे लेकरू पायाखाली गेले. पुढे विठ्ठलाची शपथ मोडली म्हणून काकांनी स्वतःचे हात तोडून घेतले.

नामदेवरायांच्या कीर्तनात हात फुटले, लेकरू रांगत आले, इथे आपण डोळे पुसतो. त्याआधीची गोष्ट मात्र घाईत जाते. हात नसलेल्या कुंभाराच्या घरी पांडुरंग विठू कुंभार होऊन राहिला. त्याने माती मळली, चाक फिरवले, संसार चालवला. आधी चाक फिरले, मग हात आले.

तुरुंगातून सुटलेल्या माणसाला हीच गोष्ट लागू पडते. राज्यघटनेच्या कलम ७२ ने राष्ट्रपतींना आणि कलम १६१ ने राज्यपालांना शिक्षा माफ किंवा कमी करण्याचा अधिकार दिला आहे. राज्यपाल तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरतात. दयेचा अर्ज कैदी करू शकतो, त्याचे नातलगही करू शकतात. पण क्षमा वेगळी आणि सूट वेगळी. पूर्ण क्षमेने दोषही जातो. सूट मिळाली तर तुरुंगातले दिवस घटतात, दोष तसाच राहतो. तो माणूस दोषाचे गाठोडे डोक्यावर घेऊनच गावच्या वेशीत येतो.

हे गाठोडे हलके कसे करावे, ते औंध संस्थानाने दाखवले. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी, मूळच्या पोलंडच्या मॉरिस फ्रीडमन या गांधीभक्ताच्या सूचनेवरून, १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. खुनासारख्या गुन्ह्यातले कैदी तिथे ठेवले. कोट नाही, बेड्या नाहीत. जमीन कसायची आणि बायकामुलांसह राहायचे. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. स्वतंत्रपूर आजही कैद्यांची खुली वसाहत आहे.

सज्जनहो, तिथे शिक्षा माफ झाली नव्हती, ती चालूच होती. राजाने विश्वास आणि काम मात्र आधीच दिले होते.

इथे एक सांभाळावे. ज्या घरचे माणूस गेले, त्या घराला ‘विसरा’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. संतीमाईचा आक्रोश खोटा नव्हता. क्षमा करायची की नाही, हे त्या घराचे. काम द्यायचे की नाही, हे मात्र आपले. दिंडीत टाळ हाती देताना आपण कुणाचे मागचे विचारत नाही. मग तोच माणूस गावात रोजगार मागायला आला, की आपले दार का लागते? क्षमेचा कागद राज्यपालांकडून येईल किंवा येणारही नाही. चाकाला हात लावायला कुणाच्या सहीची गरज नाही.

रामकृष्ण हरी.