विदा कोण सांभाळतो?

१ जानेवारी २०२५ पासून देशात 'एक राष्ट्र, एक सदस्यता' ही योजना लागू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थी व अध्यापकांना खुली झाली. त्यासाठी तीन वर्षांकरिता सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. जगाचे संशोधन वाचण्याची सोय झाली, हे उत्तमच. मात्र आपल्याच विद्यापीठांत रोज जमा होणारी मोजमापे, छायाचित्रे, मुलाखती आणि प्रश्नावल्या, म्हणजेच संशोधनाची विदा (डेटा), कोण सांभाळतो? विदा जपण्याची परंपरा भारताला नवी नसल्यामुळे हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने पाहण्याजोगा आहे.

१८७६ ते १८७८ या काळात दक्षिण भारतात भीषण दुष्काळ पडला. पर्जन्यमान आणि सूर्यावरील डाग यांचा काही संबंध असेल काय, या चर्चेने त्यानंतर जोर धरला आणि सूर्याच्या अखंड निरीक्षणांची गरज पुढे आली. १८९९ मध्ये पळणी डोंगररांगेत कोडैकानल येथे सौर वेधशाळा स्थापन झाली. आकाश निरभ्र असेल त्या दिवशी सूर्याचे छायाचित्र काचपट्टीवर घ्यायचे, हा क्रम तेथे १९०४ पासून चालू झाला. १९०९ मध्ये जॉन एव्हरशेड यांनी येथेच सौरडागांतील वायूंचा बाहेरच्या दिशेने वाहणारा प्रवाह शोधून काढला. पण वेधशाळेचे मोठे धन म्हणजे त्या काचपट्ट्यांचा संग्रह होय. पट्टीबरोबर दिनांक आणि वेळ यांची नोंद ठेवली जाई. विदेविषयीच्या अशा माहितीला आज 'अधिविदा' म्हणतात. तिच्यामुळेच भारतीय ताराभौतिकी संस्थेने या संग्रहाचे संगणकीय रूपांतर केल्यावर शतकभराची सौरचक्रे अभ्यासता आली. नोंद नसती, तर उरला असता तो केवळ काचांचा ढीग.

दुसरा प्रवाह कोलकात्याचा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. बंगालमधील ताग पिकाच्या नमुना-पाहणीत त्यांच्यापुढे मोठी अडचण होती ती माणसाच्या हातून होणाऱ्या चुकांची. त्यावर त्यांनी सोपा पण कडक उपाय योजला. एकाच प्रदेशाची पाहणी दोन स्वतंत्र तुकड्यांनी वेगवेगळी करायची आणि निष्कर्ष ताडून पाहायचे. दोहोंत फार अंतर पडले, तर चूक कोठे झाली याचा शोध घ्यायचा. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीमागे या अनुभवाचे बळ होते. विदा गोळा करणाऱ्याला प्रशिक्षण हवे आणि त्याच्या कामाची पडताळणीही हवी, हे तेव्हाच पुरते उमगले होते.

तिसरा प्रवाह ग्रंथालयांचा. महाराज सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतून बोलावलेल्या विल्यम बॉर्डन यांनी १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू केला. पुढे मूळचे गणिताचे अध्यापक असलेले एस. आर. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९२९ मध्ये तेथे त्यांनी उन्हाळी वर्ग आरंभले आणि दोनच वर्षांत विद्यापीठाने ते आपल्या छत्राखाली घेतले. १९६२ मध्ये रंगनाथन यांनी बंगळूर येथे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन केले, तेही महालनोबिसांच्या सांख्यिकी संस्थेचाच भाग म्हणून. आकडे गोळा करणारे आणि ज्ञान लावून ठेवणारे अशा दोन परंपरा तेथे एका घरात आल्या.

अलीकडे धोरणेही आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.चे प्रबंध संगणकीय रूपात जमा करणे बंधनकारक केले आणि 'शोधगंगा' हे भांडार भरू लागले. २०१२ मध्ये सार्वजनिक निधीतून निर्माण झालेल्या, संवेदनशील नसलेल्या शासकीय विदेसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. २०२२ मध्ये फरीदाबाद येथील भारतीय जैविक विदा केंद्राचे लोकार्पण झाले. 'जीनोम इंडिया' प्रकल्पातील १०,००० भारतीयांची जनुकीय विदा जानेवारी २०२५ मध्ये तेथून संशोधकांसाठी उपलब्ध झाली.

मोठ्या प्रकल्पांना असे घर लाभले; सामान्य विद्यापीठातील संशोधकाचे काय? त्याचा प्रबंध शोधगंगेत सुखरूप राहतो, पण ज्या विदेवर तो उभा आहे ती त्याच्या लॅपटॉपमध्ये किंवा पेनड्राइव्हमध्येच असते. पदवी मिळते, नोकरीनिमित्त गाव बदलते, यंत्र बिघडते. फाइल सापडलीच, तरी रकान्यावरील 'त-२' म्हणजे तापमान की तपासणी, हे सांगणारे कोणी नसते. मग पुढचा विद्यार्थी त्याच गावात, त्याच प्रश्नावल्या घेऊन पुन्हा फिरतो. सार्वजनिक पैसा दुसऱ्यांदा खर्च होतो आणि पहिल्या निष्कर्षांची पडताळणी कायमची अशक्य होते.

उपाय फार खर्चिक नाही. पीएच.डी.च्या पूर्वअभ्यासक्रमात 'संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता' हा दोन श्रेयांकांचा विषय आहेच. त्याला विदा-नियोजनाचे प्रात्यक्षिक जोडता येईल. फाइलींना नावे कशी द्यावीत, प्रती कोठे ठेवाव्यात, मुलाखत देणाऱ्याची संमती आणि गोपनीयता कशी राखावी, काम संपल्यावर विदा कोणाकडे सोपवावी, एवढे तरी प्रत्येकाने लिहून द्यावे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात हे शिकवणारी आणि अडल्यास मदत करणारी एक तरी प्रशिक्षित व्यक्ती असावी. असे पद आपल्याकडे सहसा आढळत नाही. यंत्रखरेदीच्या प्रस्तावात मात्र किंमत शेवटच्या रुपयापर्यंत लिहिलेली असते.

कोडैकानलच्या निरीक्षकांना संगणक ठाऊक नव्हता. आपण घेतलेले छायाचित्र शंभर वर्षांनी कोण पाहील, याची कल्पना त्यांना असणे शक्य नव्हते. तरीही दिनांक लिहिण्याचे काम त्यांनी टाळले नाही. आपल्या विद्यापीठात हे काम कोणाकडे सोपवले आहे, हे संशोधक विद्यार्थ्यांनी एकदा विचारून पाहावे.

#विज्ञानाचा_इतिहास #संशोधन_विदा