रेट्रो डिस्प्लेच्या नावाचा ट्रेडमार्क घेता येतो का?

स्पीकर आणि अॅम्प्लिफायरवर जुन्या काळातले चमकणारे डिस्प्ले पुन्हा दिसायला लागलेत. मी गोंदियाचा. आमच्याकडेही अॅम्प्लिफायर जोडून विकणारी पोरं आहेत. त्यांच्यापैकी कुणी असा डिस्प्ले लावून त्याला झकास नाव दिलं, तर ते नाव फक्त त्याचंच राहील का? ते नाव कसं आहे, यावर ठरतं.

आधी डिस्प्ले ओळखा

निक्सी ट्यूब: काचेच्या नळीत निऑन वायू आणि ० ते ९ आकड्यांच्या आकाराच्या तारा. साधारण १७० व्होल्ट मिळाले की त्या आकड्याभोवती केशरी उजेड पडतो. १९५५ मध्ये बरोज कंपनीने ती बाजारात आणली. ‘निक्सी’ हा बरोजचा ट्रेडमार्क होता. आज मात्र कुठल्याही कंपनीच्या अशा नळीला लोक निक्सीच म्हणतात.

मॅजिक आय: १९३५ च्या सुमारास आरसीएने आणलेला, व्हॉल्व्हच्या रेडिओतला हिरवा डोळा. स्टेशन नीट लागलं की त्यातली सावली अरुंद होते.

व्हीयू मीटर: व्हीयू म्हणजे व्हॉल्यूम युनिट. आवाजाची पातळी दाखवणारा काटा.

कोणतं नाव मिळतं?

ट्रेड मार्क्स अॅक्ट, १९९९ चं कलम ९ बघा. वस्तूचं फक्त वर्णन करणारं किंवा धंद्यात सर्रास वापरलं जाणारं नाव सहसा नाकारलं जातं. म्हणजे ‘व्हीयू मीटर’ किंवा ‘केशरी डिस्प्ले’ तुमच्या एकट्याचं होणार नाही. ग्राहकाची दिशाभूल करणारं नावही चालत नाही. आत एलईडी आणि नाव ‘अस्सल निक्सी’, असं नको. स्वतः तयार केलेला, अर्थाशी थेट संबंध नसलेला शब्द सगळ्यात भक्कम.

अर्ज कसा करायचा?

- आधी ट्रेडमार्कच्या सरकारी वेबसाइटवर नाव फुकट शोधा.
- ऑडिओ उपकरणं क्लास ९ मध्ये येतात.
- गोंदिया मुंबई कार्यालयाखाली येतं, पण अर्ज ऑनलाइन होतो. एका व्यक्तीला एका क्लाससाठी फी ४,५०० रुपये. नाव नाकारलं तर पैसे गेले.
- नाव जर्नलमध्ये छापल्यावर ४ महिने कुणीही हरकत घेऊ शकतं.
- नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण करता येतं.

‘टीएम’ आधीपासून लिहिता येतं. गोलातला ‘आर’ मात्र नोंदणीनंतरच. खोटा लावला तर आर्थिक दंड होऊ शकतो.

रील टाकायची घाई नको

ट्रेडमार्क मुख्यतः नाव आणि लोगो सांभाळतो. डिस्प्लेचा नवा आकार सांभाळायचा असेल तर डिझाइन्स अॅक्ट, २००० खाली वेगळी नोंदणी लागते. तिथे अट अशी, की तो आकार आधी कुठेच प्रसिद्ध झालेला नसावा. तुमची स्वतःची रीलसुद्धा त्यात मोजली जाऊ शकते. म्हणून आधी अर्ज, मग रील.