पाच वाक्यांचे पत्र आणि ६०८ संदर्भ

गूगल स्कॉलरवर एखादा शोधनिबंध शोधलात, तर त्याखाली ‘सायटेड बाय’ आणि एक आकडा दिसतो. नंतरच्या तितक्या लेखांनी त्याचा संदर्भ दिला, एवढाच त्याचा अर्थ. आकडा मोठा म्हणून संशोधन पक्के, असे मानायचे का? त्यासाठी हा इतिहास वाचा.

१९५५ मध्ये यूजीन गारफिल्ड यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात संदर्भसूचीची कल्पना मांडली. एखाद्या निबंधावर पुढे कोणी टीका केली आहे का, हे वाचकाला कळावे आणि चुकीची माहिती डोळे झाकून पुढे जाऊ नये, हा त्यांचा एक हेतू होता.

जानेवारी १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये बोस्टनच्या जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे पाच वाक्यांचे पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय (ओपिऑइड) औषधे मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त ४ जणांत व्यसनाची नोंद सापडली, असे त्यात होते. घरी गेल्यावर महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांचा हा अभ्यास नव्हताच.

पण पुढे या पत्राचा दाखला देऊन ‘या औषधांचे व्यसन क्वचितच लागते’ असे सरसकट लिहिले गेले. १९९६ मध्ये अमेरिकेत ऑक्सिकॉन्टिन बाजारात आले, तेव्हा व्यसनाचा धोका कमी असल्याचा जोरदार प्रचार झाला. १९९९ ते २०१७ या काळात तिथे ओपिऑइडच्या अतिसेवनाने सुमारे ४ लाख लोक दगावले. त्यात डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे होती, तशीच बेकायदा औषधेही होती.

२०१७ मध्ये कॅनडातील संशोधकांनी या पत्राचे सगळे संदर्भ तपासले. ६०८ पैकी ४३९ लेखांनी व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून ते वापरले होते. ४९१ लेखांनी, हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, हे सांगितलेच नव्हते. त्यानंतर जर्नलने मूळ पत्रावर वाचकांना सावध करणारी टीप जोडली.

म्हणून एखादे संशोधन वाचताना तीन गोष्टी पाहा:

१. अभ्यास कोणत्या रुग्णांवर आणि किती काळ झाला?
२. ‘सायटेड बाय’वर क्लिक करून पाहा: नंतरच्यांनी तो पडताळला, खोडून काढला, की नुसता उल्लेख केला?
३. निबंध मागे घेतला आहे का, किंवा त्यावर दुरुस्तीची टीप आहे का?

आणि हे वाचून वेदनाशामक औषध परस्पर बंद करू नका. मनात शंका असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारा.