सावेदादांचे हरवलेले चित्रपट

थोरांची चरित्रे आणि गतकाळातील घटना पडद्यावर पाहणे आज आपल्या अंगवळणी पडले आहे. आपल्याकडील या प्रथेचा उगम शोधू गेल्यास मुंबईच्या एका मराठी छायाचित्रकारापाशी येऊन थांबावे लागते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे त्यांचे नाव.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. त्या नवलाने भारून सावेदादांनी इंग्लंडहून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथे झालेली पुंडलिकदादा व कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती चित्रित केली. फिल्म धुण्याची सोय येथे नसल्याने ती विलायतेस पाठवावी लागली. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला तो १९१३ साली. म्हणजे आपल्याकडे कथापटाआधी सत्यपट जन्मला.

सावेदादांची पुढची निवड अधिक अर्थपूर्ण होती. केंब्रिज विद्यापीठात १८९९ साली गणितात सीनियर रँग्लर होण्याचा मान रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी मिळविला. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. डिसेंबर १९०१ मध्ये ते मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचा सोहळा सावेदादांनी टिपला. १९०३ च्या दिल्ली दरबाराचेही त्यांनी चित्रण केले. पण दरबारात वैभव राज्यकर्त्यांचे होते. दापोलीजवळच्या मुर्डी गावातून निघालेल्या एका तरुण विद्वानाच्या गौरवासाठी कॅमेरा उभा राहावा, यात पराधीन समाजाचा स्वाभिमान दिसतो. गणितातील पराक्रम कोणत्याही कॅमेऱ्याला दाखविता येत नाही. दाखविता येतो तो त्या पराक्रमाने उजळलेला लोकांचा चेहरा.

खेदाची गोष्ट ही, की ते चेहरे आज आपल्याला पाहावयास मिळत नाहीत. सावेदादांचे हे चित्रपट काळाच्या उदरात गडप झाले. त्या काळची नायट्रेटची फिल्म ज्वालाग्राही आणि अल्पायुषी. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ साली, तोवर बरेच काही नष्ट झाले होते. जे वाचले, त्यातील नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जानेवारी २००३ मधील आगीत भस्मसात झाला.

मग सावेदादांची कामगिरी आपल्याला ठाऊक कशी? ती छापील शब्दांमुळे. पडद्यावरची छाया विरून गेली, पण तिची नोंद कागदाने जपली. ग्रंथालयाच्या शताब्दीच्या प्रसंगी हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे. आपल्या कपाटांतील पिवळी पडलेली वृत्तपत्रे, नाटकांच्या जाहिराती आणि सभांचे अहवाल आज कोणी मागत नसेल. तरीही एखाद्या हरवलेल्या चित्राचा शेवटचा साक्षीदार त्यांतच दडलेला असू शकतो. जागेच्या अडचणीपायी त्यांना रद्दीची वाट दाखविण्यापूर्वी आपण सावेदादांचे स्मरण करावे, एवढीच प्रार्थना.