फ्रेंचमध्ये बीए करायचंय? मग जोतिबापासून सुरुवात करू

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडं चर्चा ठरलेल्या. इंजिनिअरिंग, नीट, फार्मसी, नाहीतर स्पर्धा परीक्षा. त्यात एखादी पोरगी म्हणाली, "मला फ्रेंच भाषा आणि साहित्य घेऊन बीए करायचंय," की घरात सगळे गप्प होतात. मग दोन प्रश्न येतात. एक, नोकरी लागंल काय? दुसरा, आपली मराठी सोडून हे कशाला?

पहिल्या प्रश्नावर सल्ले देणारे भरपूर आहेत. अनुवाद, कंपन्यांची कामं, पर्यटन, शाळेत शिकवणं वगैरे. आज बोलायचंय ते दुसऱ्यावर, कारण तो प्रश्नच चुकीचा आहे.

चैत्रात आपण सासनकाठ्या घेऊन वाडी रत्नागिरीला जातो, गुलालात न्हाऊन येतो. तिथलं आजचं केदारनाथाचं देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलं. शेजारचं केदारेश्वर दौलतराव शिंद्यांनी १८०८ मध्ये. जोतिबा शिंद्यांचं कुलदैवत, त्यामुळं ग्वाल्हेर आणि आपला डोंगर यांचं नातं जुनं. आता या दोन सालांच्या मध्ये काय घडलं बघा. राणोजींचे चिरंजीव महादजी यांनी १७८४ मध्ये डिबॉईनला नोकरीत घेतलं. हा गडी शांबेरीचा. ते गाव तेव्हा फ्रान्सच्या राज्यात नव्हतं, सॅव्हॉय प्रांतात होतं, पण भाषा फ्रेंचच. त्यानं शिंद्यांचे कवायती कंपू उभे केले. १७९५ मध्ये नोकरी सोडली, अफाट पैसा घेऊन मायदेशी गेला आणि गावाला मोठमोठ्या देणग्या दिल्या. त्याच्या आठवणीसाठी शांबेरीत १८३८ मध्ये चार हत्तींचं कारंजं उभारलं, ते अजून आहे. जोतिबाला मानणाऱ्या घराण्याच्या चाकरीतला पैसा तिकडं आल्प्सच्या पायथ्याला जिरला म्हणायचा!

त्याच्या जागी पेराँ हा फ्रेंच माणूस आला. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपलं तेव्हा अलिगडच्या आसपास तो ऐनवेळी इंग्रजांच्या आश्रयाला गेला. पुढं दिल्ली गेली, लासवारीला कंपू मोडले. पुण्यात नाना फडणविसांकडं १७७७ मध्ये सेंट लुबिन येऊन गेला होता, तेव्हाही इंग्रजांचं धाबं दणाणलं होतं. एवढा व्यवहार झाला, पण आपण त्यांच्याकडून तोफा आणि कवायत घेतली. भाषा घेतली नाही. इंग्रजीच्या बाबतीत पुढच्या पन्नास वर्षांत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

याचा तोटा काय? एकच उदाहरण देतो. शिवाजी महाराज १६७७ मध्ये कर्नाटकच्या मोहिमेवर होते. पाँडिचेरीचा फ्रेंच अधिकारी फ्रान्स्वा मार्टिन यानं जर्मेन नावाचा वकील त्यांच्या छावणीत पाठवला. त्यानं जे पाहिलं ते मार्टिनच्या आठवणींत आहे. छावणीत थाटमाट नाही, बायका नाहीत, सामानसुमान नाही. जाड्याभरड्या कापडाचे दोन छोटे तंबू, एक महाराजांचा आणि एक त्यांच्या प्रधानाचा. महाराजांच्या साधेपणाचा याहून पक्का पुरावा कुठला पाहिजे? आणि तो दिलाय परक्यानं, ज्याला स्तुती करायची काही गरज नव्हती. या आठवणींचे तीन खंड १९३१ ते १९३४ मध्ये फ्रान्समध्ये छापले गेले. आपल्यातले बहुतेक लोक त्यातल्या चार ओळी इंग्रजीतून कुणीतरी उचललेल्या, तिथून मराठीत आलेल्या अशा वाचतात. व्ही. जी. हातळकरांनी फ्रेंच आणि मराठे यांच्या संबंधांवर १९५८ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला, कारण त्यांना फ्रेंच कागद थेट वाचता येत होते. असे लोक बोटावर मोजण्याइतके.

आणि मराठीचं म्हणाल तर ऐका. मराठी भाषा प्राकृतातून कशी घडली, याचा पहिला भरभक्कम शास्त्रीय ग्रंथ फ्रेंचमध्ये लिहिला गेला. लेखक झ्यूल ब्लॉक, पॅरिसमध्ये १९२० मध्ये प्रकाशित. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो १९४१ मध्ये थेट फ्रेंचमधून मराठीत आणला. इंग्रजी अनुवाद यायला १९७० उजाडलं. म्हणजे जवळपास तीस वर्षं हा ग्रंथ मराठी वाचकाला मिळत होता, इंग्रजी वाचकाला नाही. का? तर परांजपे फ्रेंच शिकले होते. नुसते शिकले नव्हते, कात्यायनाच्या वार्तिकांवरचा प्रबंधही त्यांनी पॅरिसला फ्रेंचमध्ये लिहिला होता. ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला म्हणून आपण पेढे वाटले, त्यात परांजप्यांचं नाव कुणी घेतलेलं मला दिसलं नाही.

उलट गेली कित्येक वर्षं अकरावी-बारावीला फ्रेंच घेतात ते मार्क पडतात म्हणून, मराठी टाळायला म्हणून. राग तिथं काढायचा तर जरूर काढा. पण जी पोरगी तीन-चार वर्षं त्या भाषेला द्यायला तयार आहे, ती वेगळी.

आता कॉलेज. कोल्हापूरच्या पोरांना जवळचं म्हणजे पुणं. फर्ग्युसनमध्ये बीएला फ्रेंच आहे, पुढं एमएला रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा विभाग. गोवा विद्यापीठातही फ्रेंचचं एमए होतं आणि कोल्हापूरहून गोवा काही लांब नाही. हैदराबादचं इफ्लू आणि दिल्लीचं जेएनयू इथं बीए ऑनर्स आहे, प्रवेश परीक्षेतून. तिथं अगदी पाटी कोरी असली तरी चालतं. केंद्रीय विद्यापीठं असल्यानं फी परवडते, हे शेतकरी घरांनी आधी बघावं.

एक गोंधळ मात्र टाळा. सर्टिफिकेट, डिप्लोमा आणि डेल्फची परीक्षा वेगळी, पदवी वेगळी. डेल्फनं बोलता-लिहिता येतं हे सिद्ध होतं, नोकरीला ते लागतंच, ते पदवीबरोबर करा. पण सतराव्या शतकातलं फ्रेंच वाचायला साहित्याचा आणि इतिहासाचा अभ्यास लागतो. म्हणून प्रवेश घेण्याआधी कॉलेजला नीट विचारा: फ्रेंच तिन्ही-चारी वर्षं मुख्य विषय म्हणून आहे का? साहित्याचे पेपर किती? कायम नेमणुकीचे शिक्षक किती, आणि तासावरचे किती? बारावीला फ्रेंच नसलं तर घेता का? ग्रंथालयात फ्रेंच पुस्तकं आहेत, की नुसतं पाठ्यपुस्तक? जमलं तर स्वतः जाऊन ते कपाट उघडून बघा.